चाळीस वारांवरचा पसारा

महाग काडतूस चांगलंच असतं, असं म्हणणाऱ्या माणसाशी माझं भांडण आहे. तसं माझं कुणाशी भांडण नसतं. बावीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यावर माणसाचा भांडणाचा अवयव झिजून जातो. 'आधी स्लिप भरा' एवढं एकच वाक्य त्यात शिल्लक उरतं. पण या बाबतीत मी भांडायचं ठरवलं आहे, आणि आकडे माझ्या बाजूला आहेत. मी बी.कॉम. आहे. आकडे बाजूला असल्याशिवाय मी घरातसुद्धा बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, कारकुनाचा आणि काडतुसाचा संबंध काय? संबंध मामांचा. आमचे मामा तळकोकणातले. रानडुकरं आणि माकडं यांच्यापासून बाग राखायला त्यांनी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एक दुनळी बाराबोर घेतली होती. मामांना मूलबाळ नव्हतं. ते गेले तेव्हा बाग पुतण्यांना, भांडी मावशीला आणि बंदूक मला, अशी वाटणी झाली. पुतण्यांना अजून वाटतं, मला कमी मिळालं. बंदूक माझ्या नावावर होईपर्यंत किती टेबलं झाली ते सांगत नाही. मी स्वतः एका टेबलामागे बसतो, त्यामुळे त्या विषयावर बोलायचा मला नैतिक अधिकार नाही.

बंदूक आली, पण मारायचं काय? शिकारीचा काळ गेला, आणि तो गेला हे बरंच झालं. तेव्हा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी उडत्या तबकड्या फोडायच्या क्लबात नाव घातलं. ही तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे आपल्या घरच्या पुरीएवढी. फक्त ही पुरी आपल्यापासून लांब पळते. एका फेरीला पंचवीस पुऱ्या. पहिल्या महिन्यात मला पंचविसात सरासरी सात लागल्या.

आणि इथे ते तज्ज्ञ उगवले. प्रत्येक क्लबात एक असतो. गॉगल डोक्यावर, हातमोजा एकाच हातात. त्यांनी माझं काडतूस दोन बोटांत धरलं, मंडईत नासकी भेंडी धरतात तसं, आणि म्हणाले, "देशी? अहो, ह्यानं काय लागणार? बाहेरची घ्या. राठोडांना २००४ साली अथेन्सला रौप्यपदक काय ह्याच्यावर मिळालं?"

आता राज्यवर्धनसिंह राठोडांबद्दल मला आदर आहे. पण ज्याला पंचविसातल्या चोवीस लागतात त्यानं पंचविसाव्वीसाठी काडतूस बदलावं. मला सात लागतात. उरलेल्या अठरांची जबाबदारी काडतुसावर टाकायला मी काही शाखाव्यवस्थापक नाही.

तरी मी त्यांचं ऐकून एक डबा घेतला. त्या पैशात देशीचे अडीच डबे आले असते. पंचविसात आठ लागल्या. तज्ज्ञ म्हणाले, "बघा!" मी घरी येऊन हिशेब केला. एका वाढीव तबकडीसाठी दीड डब्याचे पैसे. या व्याजाच्या दरानं कर्ज देणाऱ्याला आमच्याकडे सावकार म्हणतात.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण आमच्या शाखेतल्या शिपायाचा मुलगा, वय एकोणीस, क्लबाची बंदूक वापरून माझ्याच बरोबर शिकत होता. त्याला सात नव्हे, पंधरा लागत. दोन महिन्यांनी तो येईनासा झाला. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, त्याला सांगितलं तिथं, की देशीवर सराव म्हणजे सरावच नव्हे. आणि ते बाहेरचं आपल्याला झेपणारं नाही." म्हणजे पंधरा तबकड्या फोडणारा पोरगा एका वाक्यानं घरी बसला, आणि सात फोडणारा मी क्लबात चहा पीत होतो. त्या दिवसापासून मी या माणसांचा पिच्छा घेतला आहे.

माझा वकील म्हणजे आमच्या बँकेचे सुरक्षारक्षक. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दारात बाराबोर घेऊन बसतात आणि सगळ्या शाखेत शस्त्राबद्दल सर्वात कमी बोलतात. त्यांना माझं दुःख सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर मारलं का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग बोलता कशाला?"

कागदावर मारणं म्हणजे काय ते सांगतो. छर्ऱ्याच्या काडतुसात शिशाचे तीनेकशे बारीक दाणे असतात, मोहरीहून जरा जाड. ते नळीतून एकत्र निघतात आणि पुढे पसरतात. हा पसारा किती आणि कसा, ते मोजायची रीत जुनी आहे. चाळीस वारांवर मोठा कागद लावायचा, मधे खूण करायची, एक बार काढायचा. मग छर्रे जिथे सर्वात दाट असतील तिथे मध्य धरून तीस इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. काडतुसातले किती टक्के छर्रे आत पडले, ते उत्तर. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. पूर्ण आवळलेल्या नळीनं सुमारे सत्तर टक्के आत टाकावेत, निम्म्या आवळलेलीनं साठ, अजिबात न आवळलेलीनं चाळीस. चाळीस वार म्हणजे किती, हे घरी समजावताना मी म्हटलं, साडेचार नऊवारी लुगडी टोकाला टोक लाव. ही म्हणाली, "पसारा मोजायला इतक्या लांब कशाला जायचं? तुमचं टेबल बघा."

कागद खाकी. जूनमध्ये वह्यांना घालतो तोच. तो अरुंद पडतो म्हणून मैद्याची खळ करून दोन-दोन पट्ट्या जोडल्या. वर्तुळाला खिळा, सुतळी आणि पेन्सिल. त्याआधी सुभेदारांनी मला बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे पिटाळलं. काही जुन्या बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची बरीच काडतुसं ७० ची. गंमत अशी, की ७० चं काडतूस त्यात खुशाल बसतं. कारण ती लांबी बार झाल्यावर उलगडलेल्या काडतुसाची असते. बसतं, पण आत उलगडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो, आणि मग नळीचं आणि आपलं काय होईल ते सांगता येत नाही. माझं ७० चं निघालं. पण मला महाग काडतूस घ्यायला लावणाऱ्यांपैकी एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता, याची नोंद घ्यावी.

मग एका रविवारी रेंजवर परवानगी काढून आम्ही बसलो. दोन जातीची काडतुसं, दोन नळ्या, प्रत्येकी पाच बार, प्रत्येक बाराला नवा कागद. "वीस काडतुसं कागदाला घालवणार?" तज्ज्ञांनी विचारलं. एका फेरीला पंचवीस हवेत घालवतो, तेव्हा कुणी विचारत नाही. सुभेदारांनी दोन्ही जातींचं एकेक काडतूस सुरीनं उघडून छर्रे मला मोजायला दिले. (हे घरी करू नका, मीही केलं नाही.) देशीत ३०९, परदेशीत ३१८.

भोकं मोजणं हे काम देवानं बँक कारकुनासाठीच निर्माण केलं असावं. दहा-दहाचे गट, लाल पेन्सिलीची टिक, खाली बेरीज, सही. डाव्या, आवळलेल्या नळीतून देशीची सरासरी १८७, म्हणजे साडेसाठ टक्के. परदेशीची २०८, पासष्ट टक्क्यांच्या वर. म्हणजे तज्ज्ञांचं इथे खरं. ते मी कागदावर मान्य करतो. कारणही सरळ आहे. स्वस्त काडतुसात शिसं मऊ असतं, बाराच्या दाबानं छर्रे चपटे होतात, आणि चपटा छर्रा सरळ जात नाही. महागात अँटिमनी घालून ते कडक केलेलं असतं. पण उजव्या नळीत देशी १५८ आणि परदेशी १६२. दोन्ही एक्कावन्नच्या आसपास. आणि पहिला बार मी उजव्या नळीनंच काढतो.

मग मी तबकडीएवढी पुठ्ठ्याची पुरी कापून सगळ्या वर्तुळांवर फिरवली. पुरी जिथून न लागता निसटेल अशी जागा देशीच्या कागदावर सापडली, तशी परदेशीच्याही. आणि प्रत्येक कागदावर ती निराळ्या ठिकाणी. म्हणजे एकाच कागदावरून काडतुसाला शिव्या देणारा आणि ओवाळणारा, दोघेही सारखेच.

खरी गंमत पुढेच आहे. वीसच्या वीस कागदांवर छर्ऱ्यांचा दाट भाग मी केलेल्या खुणेच्या खाली होता. चांगला वीतभर. सुभेदारांनी कागद पाहिले, मला बंदूक खांद्याला लावायला सांगितली, गाल पाहिला आणि हसले. मामांच्या बंदुकीचा दस्ता फार उतरता आहे. माझा गाल खाली बसतो, डोळा खाली जातो, बार खाली जातो. आणि तबकडी तर वर चढत असते! म्हणजे मी महिनाभर पुरीच्या खालची हवा फोडत होतो. परदेशी काडतुसानं मला काय दिलं असतं? पाच टक्के जास्त छर्रे, वीतभर खाली.

दस्त्यावर गालाखाली नमद्याचा एक तुकडा चिकटवला. तो आमच्या जुन्या कॅरमच्या पेटीतून निघाला. पुढच्या रविवारी देशी काडतुसांवर तेरा लागल्या. तज्ज्ञ म्हणाले, "नशीब!"

'देशी' हा शब्द ते ज्या सुरात उच्चारतात त्याचीही मला चीड आहे. पुण्याजवळ खडकीला १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. बाराबोरची काडतुसं तिथेही झाली आहेत आणि आमच्या मामांची बाग त्यांच्यावर राखली गेली. रानडुकरांनी कधी डब्यावरचं नाव विचारल्याचं ऐकिवात नाही. हौशी माणसानं महाग घ्यावं की, कोण नको म्हणतो? त्याचे पैसे, त्याचा खांदा. पण नवख्याच्या परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला असतो, आणि पगाराच्या चिठ्ठीवर दुसरा. त्यात जास्तीत जास्त बार कसे बसतील हे त्यानं बघायचं असतं. त्याच्या हातातून डबा काढून घेणाऱ्यानं आधी आपले कागद दाखवावेत. मी तज्ज्ञांकडे मागितले. अकरा वर्षं नेम धरतात, एकही नाही.

शिपायाच्या घरी मी माझे वीस कागद घेऊन गेलो. पोरगा जमिनीवर पालथा पडून ते बघत राहिला. दोन बेरजा त्यानं चुकलेल्या दाखवल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग म्हणाला, "काका, क्लबाच्या बंदुकीचं असं कुणी केलंय का?"

कुणीही नाही. येत्या रविवारी करणार आहोत. सुभेदार येणार आहेत, सुतळी तयार आहे. फक्त खळीला मैदा लागेल, आणि ह्या खेपेला हिनं तो वाटीनं मोजून दिला आहे.