ओकेआर, हाईक आणि ऐंशी टक्के कव्हरेज

हल्ली प्रत्येक हापिसात तिमाही सुरू झाली की ओकेआरची एक्सेल शीट फिरते. म्हणजे ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स. काय गाठायचं ते एका वाक्यात, आणि गाठलं हे कशावरून ओळखायचं ते तीन-चार आकड्यांत. बास! मला विचाराल तर कल्पना झकास आहे. वाट लावलीय ती आपण.

मुळात ही इंटेलच्या अँडी ग्रोव्हची, १९७० च्या दशकातली युक्ती. पीटर ड्रकरने १९५४ मध्ये मांडलेल्या 'मॅनेजमेंट बाय ऑब्जेक्टिव्ह्ज'चंच धाकटं भावंड म्हणा. जॉन डोअर ती इंटेलमध्ये शिकला आणि १९९९ मध्ये गूगलमध्ये घेऊन गेला. तिथे शून्य ते एकमध्ये गुण देतात आणि ०.६ ते ०.७ मिळाले तरी चांगलं मानतात. सगळीकडे पैकीच्या पैकी आले, तर लक्ष्यच सोपं होतं असा संशय! क्रोमचंच बघा. २००८ चं लक्ष्य होतं आठवड्यातून एकदा तरी ब्राउझर वापरणारे २ कोटी लोक. हुकलं. २००९ ला यांनी थेट ५ कोटी ठरवले, मिळाले ३.८ कोटी. पुन्हा हुकलं. तरी २०१० ला ११.१ कोटी लिहिले, आणि गाठले.

आता ही क्रोमची टीम आपल्याकडे असती तर? दुसऱ्या वर्षीच लीडला 'नीड्स इम्प्रूव्हमेंट' मिळालं असतं आणि तो नोकरीच्या साईटवर रेझ्युमे अपडेट करत बसला असता. कारण आपल्याकडे ओकेआरची शीट गुपचूप अप्रेझलला जोडलेली असते. डोक्यावर होम लोनचा हप्ता असलेला माणूस हुकू शकेल असं लक्ष्य लिहीलच कशाला? तो तेच लिहितो जे मागच्या तिमाहीत निम्मं करून झालंय. ग्रोव्हने १९८३ च्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट'मध्ये बजावून ठेवलंय की ही उद्दिष्टं म्हणजे अप्रेझलचा कायदेशीर कागद नव्हे. पण पुस्तक वाचतो कोण!

दुसरी गंमत आकड्यांची. 'टेस्ट कव्हरेज ८० टक्के' हा आपला लाडका की रिझल्ट. मग पोरं अशा टेस्ट लिहितात की कोडची प्रत्येक ओळ चालते, पण उत्तर बरोबर आलं का ते कुणी तपासतच नाही. एकही असर्ट नाही! कव्हरेज हिरवंगार, आणि बग कस्टमरच्या दारात. यावरही ग्रोव्हचा उपाय आहे, प्रत्येक आकड्याला जोडीदार द्या. कव्हरेजसोबत रिलीजनंतर सापडलेले बग मोजा. मग एक फुगवला की दुसरा चुगली करतो.

आणि समजा बिलिंगची टीम आहे, तर ऑब्जेक्टिव्ह 'मॉड्यूलचं रिफॅक्टरिंग पूर्ण करणे' असं नको, ते काम झालं. 'ग्राहकाला पहिल्याच खेपेला बरोबर बिल मिळावं' असं लिहा. आकडे टीमलाच ठरवू द्या, तीनच्या वर नकोत. बारा झाले की ती वाण्याची यादी होते. आणि एचआरने एवढंच करावं, हाईकची शीट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तसं सगळ्यांना मेलवर लेखी कळवावं.