मिहानबद्दलचे उत्तर अजून बाकी आहे

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



सप्टेंबर 2022 मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेला. त्याच महिन्यात आपण सांगितलेत, की टाटा-एअरबसचा विमान प्रकल्प नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात येणार. ऑक्टोबर संपायच्या आत बडोद्याचे नाव जाहीर झाले आणि 28 ऑक्टोबर 2024 रोजी तिथल्या कारखान्याचे उद्घाटनही झाले. प्रकल्प आधीच्या सरकारच्या काळातच हातचा गेला होता, असा खुलासा सत्ताधाऱ्यांनी केला. तसे असेल, तर सप्टेंबरमध्ये आपण आम्हाला कशाच्या आधारावर शब्द दिलात?

महाराष्ट्राला विमानाचे काम जमत नाही, असे तर नाही ना? बोइंग 787 च्या वजनाचा निम्मा भाग कंपोझिटचा, म्हणजे रेझिनने बांधलेल्या तंतूंचा, आहे आणि त्याच्या फरशीखालचे कंपोझिट बीम टाटांच्या मिहानमधल्या कारखान्यात तयार झाले आहेत.

हे काम कसबाचे आहे, हे आपल्या खात्याला ठाऊक असणारच. कार्बन फायबरचे कंपोझिट तंतूच्या दिशेने ओढा, ते अ‍ॅल्युमिनिअमला मागे टाकते; वजन मात्र जेमतेम साठ टक्के. आडवे ओढा, मग सगळा भार रेझिनवर येतो आणि ताकद कुठल्या कुठे जाते. म्हणून थर सरळ, आडवे, तिरपे असे कोन मोजून लावतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या भट्टीत दाबाखाली भाजतात. थरांत हवा राहिली, तर तो भाग कमजोर. हातातला पाना पडला, तर वर ओरखडा दिसला नाही तरी आत थर सुटलेले असू शकतात आणि दाब सोसण्याची ताकद घटते. ते अल्ट्रासॉनिक तपासणीत कळते. हे हात आणि हे डोळे आपण कुठे तयार करत आहात?

माझ्या पुतण्याने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली. कॉलेजचे नाव घेत नाही. कंपोझिटवर त्याला एक धडा होता. कार्बन फायबरचे कापड त्याने कधी हातात धरले नाही. मग कौशल्य विकासाच्या जाहिराती कोणासाठी?

आमच्या फर्दापूरजवळच अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू आणि भाताचे तूस मिसळलेले आहे. तंतूने माती बांधून धरायची, हे इथल्या कारागिरांना दीड हजार वर्षांपूर्वी कळत होते. आज त्याच लेण्यांच्या पायथ्याशी आमची शिकलेली पोरे पर्यटकांना स्फटिकाचे खडे विकतात. शेंद्रा-बिडकीन उद्योगनगरीची भाषणे त्यांनीही ऐकली आहेत.

मराठवाड्यातल्या एका तरी सरकारी तंत्रनिकेतनात कंपोझिटचे थर लावण्याची कार्यशाळा, ऑटोक्लेव्ह आणि अल्ट्रासॉनिक तपासणीची सोय करावी. ती कुठे आणि केव्हा होणार, हे आपण लेखी कळवावे. तारीख नसलेले आश्वासन आता आम्हाला नको.

आपला,
एक नागरिक
फर्दापूर, ता. सोयगाव, जि. छत्रपती संभाजीनगर