सोलायची तिनं, खायची त्यानं

अकोल्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून कधी भिंती वाचत जा, मैत्रिणींनो. कपाशीच्या बियाण्याची जाहिरात, सिमेंटची जाहिरात, आणि मग चुन्यावर निळ्या अक्षरांत तीच ती हाक : 'मर्दानी कमजोरी? निराश होऊ नका.' आता ही हाक भिंतीवरून मोबाइलमध्ये शिरली आहे. 'धातू' हा शब्द जाऊन 'टेस्टोस्टेरॉन' आला, चूर्णाची पुडी जाऊन डबी आली, डबीवर घोडा आला. आत मात्र जुनंच सारं : सफेद मुसळी, अश्वगंधा, गोखरू, खाजकुयरीचं बी.

यातली सफेद मुसळी आपल्या घरची. तिचं शास्त्रीय नावच मुंबईच्या बोरिवलीवरून पडलंय. सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यात तिची शेती होते. तिच्या जातभाईंचा कोवळा पाला पावसाळ्यात भाजी म्हणून खातात, आणि पाल्यासाठी रानात फिरतात त्या बायाच. मुळी पूर्वी बाळंतिणीलाही दिली जायची, दूध यावं, अंगात बळ यावं म्हणून. ती फक्त पुरुषाची कधी झाली? तर बाजारात तिला भाव आला तेव्हा.

शेतातली मुसळी जूनमध्ये लावतात. पाऊस सरला की पाला वाळून जातो आणि हिवाळ्यात मुळ्या खणतात. पण खणलेली मुळी कोणी विकत घेत नाही. तिची साल काढावी लागते, एकेका बोटाएवढ्या मुळीची, चाकूनं. मग वाळवायची. पाच-सहा किलो ओली मुळी सोलावी तेव्हा जेमतेम किलोभर पांढरी मुसळी हाती लागते. हे काम बायांचं. 'नाजूक हाताचं काम' असं मालक कौतुकानं म्हणतो. नाजूक म्हणून मजुरी जास्त, असं मात्र मी कुठं पाहिलं नाही. दिवसभर उकिडवं बसून बोटं चिरून घेणाऱ्या एका बाईला मी विचारलं, "तुम्ही कधी खाऊन पाह्यली काय?" सगळ्या जणी हसल्या. ती म्हणाली, "बाई, आमाले कायले पायजे ताकद? ताकद तं त्याईले लागते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बाया रक्तक्षयी निघाल्या, पुरुष २५ टक्के. ज्यांच्या अंगात रक्त नाही त्यांना ताकद नको, आणि ज्यांच्या अंगात आहे त्यांच्यासाठी महिन्याला हजार-दीड हजाराची डबी!

पैशाचंच दुखणं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आमच्या सल्ला केंद्रात लग्नाला चार-पाच वर्षं झालेल्या, मूल नसलेल्या बाया येतात. त्यांच्या पिशवीतली फाइल पाहावी. सोनोग्राफी तीनदा, नळ्यांची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, देवऋषी, सैलानीची वारी, सारं काही झालेलं असतं. नवऱ्याचा एकही कागद त्या फाइलमध्ये नसतो. "त्यांची तपासणी?" असं विचारलं की ती मान खाली घालते. "ते चूर्ण घेतात ना." म्हणजे त्याला कुठंतरी शंका आहे. तो गुपचूप डबी आणतो, पण प्रयोगशाळेत जात नाही. आणि सासू दुसरी सून पाहायला लागते.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनंही अडचण असते, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. वीर्यतपासणी ही या साऱ्यात सर्वांत सोपी, स्वस्त तपासणी. सुई नाही, भूल नाही, पोट फाडणं नाही. ती पहिली व्हायला हवी, ती शेवटी होते किंवा होतच नाही. नसबंदीचंही तेच. त्याच पाहणीत बायांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. 'ताकद जाईल' ही भीती इथंही आडवी येते. पुरुषाच्या शरीराला कोणी हात लावायचा नाही, त्याला फक्त खाऊ घालायचं.

आता मुळीच्या गुणाविषयी. मुसळीवरचे बहुतेक प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. अश्वगंधेवर माणसांवरचे काही छोटे प्रयोग आहेत, त्यांत थोडाफार गुण दिसतो. तशाच यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे का, हे लक्षणं पाहून आणि सकाळच्या रक्ततपासणीवरून डॉक्टर ठरवतात, डबीवरचा घोडा नव्हे. (व्यायामशाळेत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांना कोणीतरी सांगायला हवं की त्यानं शुक्रजंतू उलट कमी होतात.) नपुंसकत्वामागं मधुमेह, रक्तदाब, दारू, तंबाखू असतात. ते तसंच आत वाढत राहतं आणि माणूस चूर्णाच्या भरवशावर राहतो. त्यातून चूर्ण 'लगेच' लागू पडलं तर समजावं की आत मुळीपेक्षा वेगळं काही आहे. अशा 'नैसर्गिक' औषधांत लपवून घातलेलं सिल्डेनाफिल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला वारंवार सापडलं आहे. हृदयरोगाची नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसाला ते जीवघेणं ठरू शकतं.

र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि वीर्यनाशाच्या या बागुलबुवाला सतत झोडपलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. खरं सांगणारा अश्लील ठरला. भिंतीवर खोटं रंगवणाऱ्याला मात्र रान मोकळं. कर्वे गेल्यावर काही महिन्यांतच, १९५४ साली, औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आला. नपुंसकत्वावर औषध, कामसुख वाढवण्याची हमी, अशी जाहिरात करणं त्यात गुन्हा आहे. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद. भिंती अजून रंगतात.

"आयुर्वेद आपली परंपरा, तुम्ही तिच्यावर का उठता?" असं आम्हाला विचारलं जातं. मुळीवर माझा राग नाही. राग आहे तो भीतीच्या धंद्यावर. परंपरेचा एवढा कळवळा असेल तर बाळंतिणीच्या वाट्याची मुळी आधी परत द्या.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, पुरुषांच्या कमजोरीचं आपल्याला काय? मला हे पटत नाही. रात्री स्वतःवर चिडलेला पुरुष सकाळी कोणावर हात उचलतो हे आपण रोज ऐकतो. 'मुलगाच होईल' म्हणून विकली जाणारी औषधंही याच बाजारातली, आणि २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागं सहा वर्षांखालच्या मुली होत्या ८५५. ज्या भीतीचा हिशेब बाईच्या अंगावर चुकता होतो ती आपलाच प्रश्न आहे.

म्हणून काही गोष्टी लगेच करू या. मूल होत नाही म्हणून बाई आली तर तिच्या पुढच्या तपासणीआधी नवऱ्याचा वीर्यतपासणीचा कागद मागायचा. आशाताईंसोबत पुरुष कार्यकर्तेही गावात गेले पाहिजेत. हे बोलणं पुरुषानं पुरुषाशी करायला हवं. भिंतीवरच्या जाहिरातींचे फोटो, गावाचं नाव आणि तारीख घालून, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसोबत द्यायचे आणि पोच घ्यायची. आणि येत्या हिवाळ्यात मुसळी सोलणाऱ्या बायांच्या मजुरीचा प्रश्न किलोमागच्या दरासह बैठकीत मांडायचा. ओल्या मुळीचा दर वेगळा, वाळलेलीचा वेगळा, हे लक्षात ठेवा. मालक सोयीचा तेवढाच सांगतो.