टाळ्या वाजवणारे हात कोण काढणार?

11 सप्टेंबर 2020. मनोरीच्या खाडीपलीकडे, मार्वे-मालाड ओलांडलं की लागणाऱ्या कांदिवलीत, साठी उलटलेल्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला त्याच्याच सोसायटीबाहेर गाठून बडवलं गेलं. डोळा काळानिळा झाला. गुन्हा काय, तर तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यावरचं एक व्यंगचित्र त्याने व्हॉट्सॲपवर पुढे ढकललं होतं. काढलं नव्हतं, नुसतं ढकललं होतं. मारणारे शिवसैनिक. त्यांना अटक झाली, चुटकीसरशी जामीन झाला, आरडाओरड वाढल्यावर पुन्हा अटक झाली.

एका व्यंगचित्रकाराने स्थापन केलेल्या पक्षाने व्यंगचित्रापायी माणसाला मारलं, हा शेरा त्या आठवड्यात ज्याने त्याने मारून घेतला. तो शिळा झाला. मला वेगळंच विचारायचं आहे. मारायला गेलेल्यांपैकी किती जणांनी ते चित्र धड पाहिलं होतं? त्यात सोनिया गांधी आहेत, शरद पवार आहेत आणि आपले साहेब आहेत, एवढी डोकी मोजली आणि हे निघाले. चित्र काय म्हणतंय, बरं आहे की भिकार, टीका खरी की खोटी, या भानगडीत कोण पडतो? साहेबांचं नाक लांब काढलंय ना, मग चला.

अज्ञानाची टर उडवणाऱ्या चित्राची खरी अडचण हीच आहे. ज्याच्या अडाणीपणावर ते काढलेलं असतं, त्यालाच ते कळत नाही. तो फक्त नाक बघतो.

बाळासाहेब ठाकऱ्यांचा विषय निघाला की आपले लोक लगेच हळवे होतात, म्हणून आधी तेच उरकतो. त्यांची रेषा जबरदस्त होती, यात वाद नाही. डेव्हिड लो हा त्यांचा आदर्श, आणि लोची ताकद ज्यांनी पचवली असे मराठीत फार थोडे. 13 ऑगस्ट 1960 ला ‘मार्मिक’ निघालं ते यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. सत्तेवरचा मुख्यमंत्री व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचं उद्घाटन करतो, हे आज कुणाला सांगितलं तर तो तारीख पुन्हा तपासायला सांगेल. पण त्याच ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरातून मोठ्या हुद्द्यांवरच्या अमराठी माणसांच्या याद्या छापल्या जायच्या आणि कुंचला ‘यंडुगुंडू’वाल्यांची टवाळी करायचा. तिथे व्यंगचित्राने अज्ञानाला टोचलं नाही, त्याला दूध पाजलं. नोकऱ्या का मिळत नाहीत, गिरण्यांचं पुढे काय होणार, मुंबईतली जमीन कोणाच्या घशात चालली आहे, या प्रश्नांना उत्तर म्हणून एक लुंगीवाला काढून दिला आणि वाचक खूश झाला. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये याच बाळासाहेबांच्या सोबत काम करणारा आर. के. लक्ष्मण मैसूरचाच होता, ही गंमत त्या वाचकाला कधी सुचली नसेल.

तेव्हा व्यंगचित्र म्हटलं की ते सत्याच्याच बाजूचं असतं, असा भाबडा समज मी बाळगत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये शिवसेनेच्या ‘सामना’त मराठा मूक मोर्चावर ‘मूक’चा ‘मुका’ करणारं चित्र आलं. कोपर्डीत बळी गेलेल्या मुलीसाठी हजारो बाया रस्त्यावर उतरल्या होत्या आणि या लोकांना कोटी सुचत होती. विनोद पाचकळ, वेळ नीच. पण त्यावर उत्तर काय दिलं गेलं? कचेरीवर दगड. मग माफी. ज्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या कचेऱ्यांवर दगड मारले, त्यांच्या काचा फुटल्याचं मला दुःख झालं नाही. पण दगडाने विनोद सुधारत नाही, एवढं तरी कळायला हवं.

आता जरा वरच्या मजल्यावर जाऊ. 11 मे 2012 ला दिल्लीच्या लोकसभेत आपल्या लोकप्रतिनिधींना अचानक अकरावीचं एक पाठ्यपुस्तक सापडलं. ते 2006 पासून मुलांच्या हातात होतं. त्यात व्यंगचित्रकार शंकर यांचं 1949 सालचं एक चित्र होतं: राज्यघटना नावाची गोगलगाय, तिच्या पाठीवर हातात चाबूक घेतलेले डॉ. आंबेडकर, मागून चाबूक उगारलेले नेहरू, आणि भोवती बघ्यांची गर्दी. त्याच्याबरोबरच्या मजकुरात घटना तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षं का लागली याचा खुलासा आहे. सगळ्यांचं ऐकून, सगळ्यांशी वाद घालून, एकमत होईपर्यंत थांबून काम केलं, म्हणून वेळ लागला. म्हणजे पुस्तक गोगलगायीच्या बाजूने उभं आहे! चित्रातल्या घाईला मजकूर उत्तर देतो. हे कळायला पान वाचावं लागतं आणि सभागृहात ओरडायला ते लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर मीही त्याच जातीचा ठरेन. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खऱ्याखुऱ्या चाबकाचे वळ पाहिले, त्यांना बाबासाहेबांच्या मागे उगारलेला चाबूक दिसला आणि पोटात कालवलं, तर ते अज्ञान नाही. ती नजर आहे, आणि ती शंकरना 1949 मध्ये नसावी. याच्यावर वर्गात तासभर बोलता आलं असतं. किंबहुना पुस्तक त्यासाठीच होतं. पण संसदेतल्या पुढाऱ्यांना त्या पोटातल्या कालवण्याशी काय देणंघेणं होतं? एका चित्राचा आधार घेऊन त्यांनी सगळीच व्यंगचित्रं काढून टाका म्हणून गिल्ला केला. कारण उघड आहे, बाकीच्या चित्रांत ते स्वतः होते. सगळ्या पक्षांचं एकमत महागाईवर होत नाही, दुष्काळावर होत नाही; ते अकरावीच्या पोरांनी आपल्याला हसू नये यावर झालं. मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातलं पळशीकरांचं कार्यालय फोडण्यात आलं. ज्या माणसाने आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, त्याला राज्यशास्त्राचा प्रात्यक्षिक तास घरपोच मिळाला. पुढे सुखदेव थोरात यांच्या समितीने बरीच चित्रं वगळायला सांगितली, एम. एस. एस. पांडियन या एका सदस्याने तेवढं वेगळं मत नोंदवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई पोलिसांनी असीम त्रिवेदीला राजद्रोहाच्या कलमाखाली आत टाकलं. त्याने राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे काढले होते आणि खाली ‘भ्रष्टमेव जयते’ लिहिलं होतं. राज्यात तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं; हे मुद्दाम सांगतो, कारण अमुक पक्षाचाच हा रोग आहे असं म्हणणारे लगेच पुढे सरसावतात. मार्च 2015 मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला. मला तो फार आवडतो. न्यायालय म्हणालं, या चित्रांत विनोद नाही, उपरोध नाही, नुसता संताप आहे. पण म्हणून अभिव्यक्तीवर घाला घालता येत नाही. थोडक्यात, वाईट चित्र काढायचाही हक्क आहे. मराठी समीक्षकांना हे वाक्य अजून झेपलेलं नाही.

आणि पुढची गंमत बघा. या निकालाला धरून पोलिसांना समज द्यायची म्हणून राज्याच्या गृहखात्याने ऑगस्ट 2015 मध्ये परिपत्रक काढलं. सरकार तोवर भाजपचं झालेलं. परिपत्रकाचा हेतू काय, तर पोलिसांनी ऊठसूट राजद्रोह लावू नये. बाहेर काय पडलं? लोकप्रतिनिधींवर टीका केली तरी राजद्रोह ठरेल असा अर्थ निघणारा मजकूर! साक्षात ध चा मा. न्यायालयाने त्या परिपत्रकाच्या आधारे कारवाई करू नका म्हणून बजावलं, आणि ऑक्टोबरात सरकारने ते मागे घेतलं. कोण्या व्यंगचित्रकाराने हे कल्पनेने काढलं असतं तर संपादक म्हणाला असता, जरा जास्तच होतंय, इतकं ढ कुणी नसतं.

हे झालं पुढाऱ्यांचं आणि कारकुनांचं. त्यांना झोडणं सोपं आहे, त्याला काही पैसे पडत नाहीत. आता माझ्या गावाकडे येतो.

मनोरी मुंबई महापालिकेत आहे. कागदावर. पी-उत्तर विभाग, मालाड. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की आमचं गाव. बोट बंद असेल तर गोराई, उत्तन, भाईंदर असा वळसा घालून मुंबईतून मुंबईत यायचं. कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांची ही वस्ती. पूल येणार, हे मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि माझ्या बापानेही ऐकलं होतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या पट्ट्यावर विशेष आर्थिक क्षेत्राची टूम आली, पर्यटनाच्या आराखड्याची आली. प्रत्येक नकाशात आमच्याकडची जागा रिकामी. वलांडीवर बोंबील सुकत असतात ती जागा रिकामी, जाळी पसरलेली असतात ती रिकामी. वरून बघणाऱ्याला बोंबील दिसत नाहीत, हे एकवेळ समजू शकतो. वास तरी यायला हवा होता.

2020 च्या नोव्हेंबरात, म्हणजे कांदिवलीतल्या त्या मारहाणीनंतर दोनच महिन्यांनी, त्याच मुख्यमंत्र्यांच्या काळात मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प जाहीर झाला. रोज 200 दशलक्ष लिटर, पुढे 400 पर्यंत. जून 2021 मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करार झाला. मुंबईला रोज जवळपास 4,000 दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, आणि गळती-चोरीत त्यातलं जे जातं ते या 200 पेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे फुटक्या नळाला चिंधी बांधण्याऐवजी समुद्र गाळायचा. शिवाय गोडं पाणी काढून घेतलं की जवळपास तितकंच, किंवा त्याहून जास्त, दाट खारं पाणी मागे उरतं. ते पुन्हा समुद्रात. कुठल्या समुद्रात? आमच्या.

कांदिवलीत खुर्चीच्या राजकारणावरच्या एका चित्रासाठी माणसाने मार खाल्ला, आणि जे चित्र काढायला हवं होतं ते कुणी काढलंच नाही. मी वाट पाहिली. एका हातात कोरी बिसलेरी, दुसऱ्या हातात समुद्राकडे वळवलेली मोरी, आणि पायाखाली नकाशातली ‘रिकामी जागा’. दोन मिनिटांचं काम आहे.

पण याहून चांगलं चित्र आमच्याच गावात आयतं तयार झालं होतं. प्रकल्पाच्या गप्पा रंगल्या होत्या त्या दिवसांत एका पक्षाचा एक पदाधिकारी आमच्याकडे आला. पक्षाचं नाव सांगत नाही. कुठलंही घाला, बसेल. मंडप, माईक, समोसे. त्याने समजावून सांगितलं की समुद्राचं पाणी गोड होणार, घाण निघून जाणार आणि मासे दुप्पट वाढणार. आत्मविश्वास असा की सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाला घाम फुटावा. पुढच्या रांगेत बसलेली एक म्हातारी कोळीण उठली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, “पाणी गोड झालं तर माझा बोंबील जाईल कुठं रे पोरा? मालाडला?”

दोन-चार जण हसले. पदाधिकारी म्हणाला, “आजी, ते टेक्निकल आहे.” आणि मंडप टाळ्यांनी दणाणला.

आता सांगा, व्यंगचित्रकाराने यात कुणाला काढायचं? शंभरातले नव्वद त्या पदाधिकाऱ्याला काढतील. पोट सुटलेलं, सोन्याची साखळी, तोंडातून समुद्र वाहतो आहे. लक्ष्मण असते तर कोपऱ्यात चौकटीचा कोट आणि धोतर घातलेला तो सामान्य माणूस उभा केला असता, तोंड मिटून, भुवया उंचावून. लक्ष्मणना मी मानतो. ज्या माणसाला जे. जे. कला विद्यालयाने प्रवेश नाकारला, त्याने 1951 पासून अर्धशतक मंत्र्यांना उघडं पाडलं. मेल्यावर सरकारने त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला आणि वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याच्या सामान्य माणसाचा पुतळा आहे. पण त्या सामान्य माणसाने आपल्याला फार लाडावून ठेवलं. तो कधी बोलत नाही, म्हणून कधी चुकत नाही. खोटं बोलतो तो मंत्री, खातो तो मंत्री, अडाणी तो मंत्री. हा बिचारा फक्त बघतो. रोज सकाळी चहाबरोबर आपण त्याच्या जागी स्वतःला बघितलं आणि पन्नास वर्षं निर्दोष सुटलो.

त्या मंडपात असा कुणी बिचारा नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे तरी होडीवर जाणारे होते. भरती-ओहोटी त्यांना घड्याळाशिवाय कळते. खारं पाणी दाट झालं तर काठावरची पिल्लं मरतील, हे त्यांना पदाधिकाऱ्यालाच काय, त्याच्या इंजिनिअरलाही शिकवता आलं असतं. तरी वाजवल्या. कुणाचा मुलगा पालिकेत कंत्राटावर चिकटायचा होता. कुणाचं वाढीव बांधकाम नियमित व्हायचं होतं. कुणाला नुसतं वैर नको होतं. सगळं कळत असून न कळल्याचा आव आणणं, याला अज्ञान म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या मते ती आपल्याकडची सगळ्यात सुशिक्षित हुशारी आहे. कांदिवलीत मारहाण करणारेही तितके अडाणी नसणार. चित्र न बघता मारलं तर साहेब बघतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लोकसभेतल्यांनी पान न वाचता ओरडा केला तोही असाच हिशेब करून.

मंत्र्याचं अज्ञान आता कुणी लपवत नाही, उलट मिरवतं. त्याची टर उडवून त्याला काय बोचणार? उलट चित्र छापून आलं की तो त्याची चौकट करून दिवाणखान्यात लावतो आणि कार्यकर्ते बाहेर माणसं मारत असतात.

म्हणून व्यंगचित्रकारांना माझं सांगणं एवढंच. पदाधिकाऱ्याला पाठमोरा काढा, फार जागा देऊ नका. म्हातारीला उभी काढा, तिला काढायला जड जाणार नाही. आणि बाकीचं पान आम्हा मनोरीकरांना द्या, एकेकाचा चेहरा ओळखू येईल असा, हात टाळीच्या मधोमध. समोसे हातात काढा. प्लास्टिकच्या खुर्च्या लाल काढा. त्या मंडपवाल्याच्या होत्या आणि त्यांचं भाडं कुठल्या कंत्राटदाराने भरलं होतं, हे त्या दिवशी मंडपात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.