देवाचं राज्य आणि प्लेगचं पुणं

देवाचं राज्य येवो, अशी प्रार्थना ख्रिस्ती माणूस रोज करतो. ती ऐकणाऱ्या शेजाऱ्याला कधी कधी शंका येते की ज्याचा राजा स्वर्गात, त्याची या देशावर निष्ठा कितपत असेल? खुद्द आम्हा ख्रिस्ती लोकांतही दुसऱ्या टोकाची समजूत मुरलेली आहे. आपलं राज्य या जगाचं नाही, मग निवडणूक, महापालिका, कोर्टकचेरी यांत पडायचं कशाला? माझ्या मते शंका आणि समजूत दोन्ही चूक आहेत, आणि त्याचा पुरावा पुण्यातच आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते आणि माणसं इस्पितळांत, छावण्यांत नेली जात होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झालेला, आणि विधवा-मुलींसाठी चालवलेलं त्यांचं शारदा सदन १८९० पासून पुण्यात. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते आणि संस्था बरीचशी अमेरिकेतल्या देणग्यांवर चालत होती. गप्प राहणं सोयीचं होतं. पण प्लेगच्या व्यवस्थेत बायकांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात उघडपणे लिहिलं. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं आणि सरकारने त्यांचं म्हणणं झटकून टाकलं. तरी साक्ष नोंदली गेली ती गेलीच. देवाच्या राज्याचं नागरिकत्व म्हणतात ते मला इथे दिसतं. वरच्या राजाला जाब द्यायचा आहे हे पक्कं असलं की खालच्या राजाला, तो स्वधर्मीय असला तरी, जाब विचारायला माणूस कचरत नाही. इंग्लंडमध्ये ज्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला, त्या अँग्लिकन भगिनींशीही रमाबाई मतस्वातंत्र्यासाठी वाद घालत राहिल्या, हे याच स्वभावातून आलं.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शारदा सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही असा लोकांना भरवसा होता. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळतात यावरून वादळ उठलं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मग देवाचं राज्य म्हणजे शेवटी ख्रिस्ती लोकांची शिरगणती वाढवणंच का? मुली आपल्या खुशीने येत होत्या, ही रमाबाईंची बाजू खरी मानली तरी पालकांचा विश्वास तुटला हे नाकारता येत नाही. दिलेला शब्द पाळणं हाही त्या राज्याचाच कायदा आहे. पण राज्य आणि शिरगणती एक नव्हेत, हे मराठी ख्रिस्ती माणसानेच पुढे दाखवून दिलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

'या जगाचं नाही' हे येशूचं म्हणणं रोमी सुभेदार पिलातासमोरचं आहे. आपली सत्ता तलवारीतून आलेली नाही, एवढाच त्याचा रोख आहे. सुभेदाराने अन्याय केला तर चालेल, असा अर्थ त्यातून निघत नाही. प्रेषित पौलाने तर फटके बसायच्या वेळी आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि नंतर थेट कैसराकडे दाद मागितली.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुण्याची महापालिका दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिली. आपल्या किती उपदेशांत त्याचा उल्लेख आला? चर्चच्या मालमत्तेचे हिशेब, सोयरीक जुळवताना अजून पाहिली जाणारी जात, यांवर तरी आपण कितीदा बोलतो? पुण्याच्या मंडळ्यांना माझी विनंती आहे: येत्या वार्षिक सभेत चर्चचे हिशेब सर्वांसमोर मांडा, आणि वॉर्डातल्या प्रश्नांवर आपलं म्हणणं लेखी, सहीनिशी महापालिकेला कळवा.