मनीची नजरकैद
शस्त्रक्रिया उरकून मांजर घरी आणले की आपले कर्तव्य संपले, असा जो समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो, तो मला मुळीच मंजूर नाही. कारण उदरावरची जखम भरून येण्यास लागणारे १० ते १४ दिवस हेच खऱ्या शुश्रूषेचे होत. आमची मनी, गळ्यातील प्लास्टिकच्या कॉलरमुळे दाराच्या चौकटीला धडकत, कपाटावरील आपल्या वहिवाटीच्या जागेकडे अशा काही तक्रारीने पाहत असे, की तिची नजरकैद उठवण्याचा मोह आम्हांला रोज होई; परंतु एखादी उंच उडी किंवा खरखरीत जिभेचे चार फटकारे टाके उसवण्यास पुरेसे असतात. आणि कळवळ्यापोटी घरातली पॅरासिटामॉलची गोळी तिला चारणे, ही माया नव्हे, साक्षात विषप्रयोग आहे. वेदनाशामक द्यायचे ते पशुवैद्याच्या हुकुमानेच.