तान्ह्याचं आतडं आणि ४८ तास

‘जन्मताच अँटिबायोटिक दिलं की बाळाच्या पोटातले चांगले जंतू मरतात, तेव्हा परवानगी देऊ नका,’ असा सल्ला हल्ली फोनवरून फिरतो आणि एनआयसीयूच्या दाराशी बसलेल्या बापाच्या हाती नेमका नको त्या वेळी पडतो. यातला पूर्वार्ध खरा आहे. म्हणूनच उत्तरार्ध घातक.

पूर्वार्धाचा पुरावा २०२२ मध्ये नेदरलँड्समधून आला. जंतुसंसर्गाच्या संशयावरून पहिल्याच आठवड्यात औषध द्यावं लागलेली १४७ बाळं. औषधांच्या तीन जोड्यांपैकी कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. शेजारी औषध न लागलेली ८० निरोगी बाळं. आईच्या दुधातल्या, बाळाला स्वतःला न पचणाऱ्या शर्करांवर पोसले जाणारे बिफिडोबॅक्टेरिया औषधाने घटले; क्लेब्सिएला आणि एंटरोकॉकस माजले. उलथापालथ उपचारानंतर लगेच सर्वाधिक होती, वर्षभरात ती हळूहळू निवळत गेली. पण सल्ला देणारे एक गोष्ट गाळतात: संशय आलेल्या एकाही बाळाला त्या संशोधकांनी विनाऔषध ठेवलं नव्हतं. प्रश्न कोणतं औषध द्यावं, एवढाच होता.

विनाऔषध ठेवलं तर काय होतं, हे जाणून घ्यायला गडचिरोलीत जावं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाचे श्वास मोजत, अंग गार पडलंय का, दूध ओढणं मंदावलंय का ते पाहत आणि गरज भासली तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. ऊब आणि स्तनपान यांचाही त्यात वाटा होता, मान्य. तरी त्या झोपडीत आतड्यातल्या जंतूंची काळजी सांगून बघा!

आता दुसरा पक्ष. ‘कव्हर म्हणून पाच-सात दिवस चालू ठेवू, नुकसान काय?’ हे वाक्य मला जास्त खटकतं, कारण ते जाणत्याच्या तोंडी असतं. नुकसान वर सांगितलंच. शिवाय डच चाचणीत सर्वांत कमी धक्का पेनिसिलिन-जेंटामायसिनने दिला, सर्वांत जास्त अमोक्सिसिलिन-सेफोटॅक्झिमने. म्हणजे जुनी, स्वस्त जोडीच आतड्याला सौम्य. आणि तिथे उपचार सरासरी ४८ तासच चालले होते. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या अभ्यासात नवजातांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टरच्या खालोखाल क्लेब्सिएला होता, तोही अनेकदा बऱ्याच औषधांना न जुमानणारा. त्याला मोकळं रान देणं हे कव्हर कसलं?

‘मग प्रोबायोटिकची पुडी देऊ’ हा तोडगा फार सोपा. ओडिशातल्या चाचणीत सेप्सिस (गंभीर जंतुसंसर्ग) घटला खरा, पण ठरावीक जातीच्या जिवाणूने, आणि तोही खेड्यातल्या निरोगी बाळांत. दुकानातली कुठलीही पुडी त्या पुण्याईवर विकू नये.

डॉक्टरांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे: कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाहीच, असं नसतं. बरोबर. मग पहिल्या डोसआधी पुरेसं, किमान एक मिलिलिटर रक्त घ्या. बहुतेक खरे जंतू ३६ ते ४८ तासांत बाटलीत वाढतात. तोवर काही उगवलं नाही आणि बाळ नीट पीत असेल, तर इंजेक्शन थांबवा; थांबवायचं नसेल, तर कारण फाइलवर लिहा. बापानेही ‘सुरू का केलं?’ याऐवजी ‘कल्चर कधी पाठवलं, आणि निगेटिव्ह आलं तर बंद कधी करणार?’ हे विचारावं.